मिशीवाली

१८ मे २०११

नवी वही काढली, कारण यंत्र करायला घेतले आहे. प्रयोगाची नोंद त्याच दिवशी झाली नाही तर तीच चूक दोनदा होते, असे बत्तीस वर्षे मुलांना सांगत आले. आता मुले नाहीत, शाळाही नाही. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली. पण नियम माणसाबरोबर निवृत्त होत नाही.

प्रश्न असा. चमेली मडावी गेली तीस वर्षे माझ्या शेतावर आहे. आमचे हे गेले तेव्हा धान कसे लावतात हेसुद्धा मला माहीत नव्हते. तेव्हापासून रोवणा म्हणजे लावणी, निंदण, कापणी, सगळे तिच्या देखरेखीखाली होते. मागच्या महिन्यात तिच्या कमरेत उसण भरली ती उतरली नाही. गोंदियाला नेऊन फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, दोन मणके झिजले आहेत. उभे राहा, चाला, पण वाकायचे नाही. यापुढे कधीच नाही.

धानाच्या शेतात न वाकता करण्यासारखे काम नसते.

परतताना गाडीत ती म्हणाली, "मंग आता हेमराजकडं जातो, बाई." हेमराज तिचा मुलगा. राजनांदगावला बिजलीची कामे करतो. पोळा झाला की न्यायला येतो म्हणून त्याने कळवले आहे.

मी म्हटले, "इथेच राहा. माझ्या पडवीत बैस."

"बसून कोनाचं खाऊ?"

आमचे सालेकसा येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. चमेली फुकट खाणारी बाई नाही, आणि तसे तिला सुचवणे हीच माझी चूक झाली.

तेव्हा उभ्याने निंदण करता येईल असे यंत्र पाहिजे. कृषी खात्याने दिलेले हाताने ढकलायचे निंदणयंत्र पडवीत गंजते आहे. दोन दातेरी पिंपे चिखलात फिरतात आणि गवत उखडून दाबतात. पण ढकलायला कंबरच लागते. तेच जर स्वतः चालले आणि ओळ बघून स्वतः वळले, तर बाईने धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून फक्त लक्ष ठेवायचे. जे यंत्र स्वतः जाणते आणि स्वतः वळते त्याला रोबो म्हणतात. करून बघू. निंदणाला मजूर मिळत नाहीत, हे मुख्य कारण.

२३ मे

गोंदियाला भंगारवाल्याकडे तीन तास उन्हात. ट्रकच्या वायपरच्या दोन मोटरी मिळाल्या. जुनी राइस मिल मोडली होती, तिच्या धान वर चढवणाऱ्या पट्ट्याचे पत्र्याचे कप ढिगाने पडले होते. चाकाला लावले तर चिखल मागे लोटतील. एका कॉलेजने काढून टाकलेल्या दोन बॅटऱ्या. खेळण्यातली एक मोडकी मोटार, तिच्या रिमोटसाठी. भंगारवाला म्हणाला, "माताजी, नाती के लिए नया ले लो." मी म्हटले, नातू नाही, आणि नवे नको.

सांगाड्यासाठी घरातली लोखंडी खाट दिली. बकाराम वेल्डर (पूर्वी राइस मिलमध्ये फिटर होता, हात चांगला, तोंड त्याहून जास्त चालते) खाटेकडे बघत राहिला.

"म्याडम, खाटेले चाकं लावून कुठं जाऊन राहिल्या?"

"शेतात."

"झोपून?"

मी माप सांगितले. खाट मधून कापायची, अर्धी ठेवायची. तो कापत होता तेव्हा लक्षात आले की ही ह्यांची खाट. ते लक्षात आले एवढेच. लोखंड चांगले आहे.

११ जून

बोडीच्या काठावर पहिली चाचणी. बोडी म्हणजे आमचा शेतालगतचा छोटा तलाव. पाणी आटले होते, चिखल होता. यंत्र चार हात गेले आणि बसले. म्हशीसारखे बसले. काढायला पाच जण लागले.

केशोराव, ह्यांचे चुलतभाऊ, शेजारच्या बांध्या (धानाची खाचरे) त्यांच्या, छत्री घेऊन धुऱ्यावर उभे होते. "वहिनी, रोबोट बनवून राहिल्या म्हने. भात शिजवते का तो?"

"भात आयता खाणारे शिजवायचे विचारतात," मी म्हटले.

चमेली मागे उभी होती. तिला हसू आवरेना, आणि हसताना कमरेला हात गेला. घरी आल्यावर तिला गरम पाण्याची पिशवी दिली. ती नको म्हणत होती. मी घड्याळ लावून वीस मिनिटे ठेवायला लावली.

उपाय: दोन्ही बाजूंना तेलाचे रिकामे डबे, झाकण डांबराने बंद. तरंगले पाहिजे, बुडता कामा नये.

२० जून

डबे लागले. यंत्र आता चिखलावर होडीसारखे राहते. आज त्याला मिशी लावली. सायकलचा स्पोक आणि दाराच्या घंटीचे बटण. स्पोकाला धानाच्या ओळीचा स्पर्श झाला की बटण दाबले जाते आणि दोन्ही मोटरींचा जोर असा जुळतो की यंत्र सरळ जाते. स्पर्श सुटला की पुन्हा ओळीकडे वळते. एवढीच त्याची बुद्धी. मी असल्या बुद्धीची माणसे पाहिली आहेत, मुख्याध्यापक झालेली.

रिमोटबद्दल बकाराम वाद घालत होता. माझ्या रचनेत रिमोटची कळ दाबून धरली तरच यंत्र चालते. सोडली की थांबते.

"म्याडम, येक सादा स्विच द्या ना. चालू केला का चालू. मानूस कायले उभं ठेवता?"

"सुरक्षेसाठी."

"कोनाच्या? बेडकाच्या?"

मी त्याला सांगितले की रचना माझी आहे. सुरक्षा हा विनोदाचा विषय नाही. धुऱ्यावर शेत जाणणारे माणूस असलेच पाहिजे.

आज दुपारी चमेलीसाठी म्हणून चार पोळ्या जास्त केल्या. ती नातेवाइकांकडे गेली होती. पोळ्या गाईला घातल्या.

२ जुलै

अंगणात विटांच्या ओळी मांडून चाचणी. सरळ ओळीत यंत्र उत्तम जाते. ओळीच्या टोकाला गोंधळ. वळताना आजूबाजूच्या तीन ओळी पाडते. दहा वेळा केले, दहाही वेळा पाडल्या. अठ्ठावन्न विटा. शेवटी रचनेचा कागद फाडला आणि आत जाऊन बसले.

चमेली पडवीतल्या खांबाला टेकून बघत होती. तिला बसता-उठता त्रास होतो म्हणून उभीच असते.

"बाई, नांगऱ्या काय करते?" ती म्हणाली. "धुऱ्यापासून सुरू करते आन फेर घेत घेत मंधात येते. दरवेळी टोकावर कोन वळवते बैलाले? बैल म्हातारा होऊन जाईल."

मी कागद पुन्हा जोडला.

तिचे बरोबर आहे. बोडीजवळची बांधी जवळजवळ गोल आहे, पाव एकर. रोवणा ओळींऐवजी फेऱ्यांनी लावायचा: धुऱ्यालगत सुरुवात, एकच लांब वळसा आत आत जात मध्यावर संपणारा, शंखाच्या रेषेसारखा. मग यंत्राला टोकच नाही, वळणच नाही. ते फक्त हळूहळू एका अंगाला झुकत राहील. त्यासाठी उजवे चाक डाव्यापेक्षा दोन इंच लहान केले, म्हणजे मोकळे सोडले की ते आपोआप उजवीकडे वळत जाते. मिशीही उजवीकडे.

पदार्थविज्ञानात पदवी माझी आणि उत्तर तिचे. हे मी तिला सांगितले नाही. डोक्यात हवा जाते.

९ जुलै

आज गोल बांधीचा रोवणा होता आणि नेमकी एक बॅटरी बसली. बदलून आणायला मला गोंदियाला जावे लागले. जाण्यापूर्वी चमेलीला बांबूची खुणा केलेली काठी दिली, दोन फेऱ्यांत एवढेच अंतर, एक बोटही इकडेतिकडे नको. फळ्यावर काढावी तशी आकृती चिखलात काढून दाखवली. कुठून सुरू, कुठे शेवट.

परतले तेव्हा पाच वाजले होते. रोवणा संपला होता. वाकलेल्या अकरा बायका आणि धुऱ्यावर काठी घेऊन ताठ उभी चमेली, असे दृश्य होते म्हणे. बायका मला सांगत होत्या, "बाई, आज तं शाळाच होती. चमेलीमाय काठी मारे पाठीत!"

"मारलं नाई, टेकवलं," चमेली म्हणाली.

मी अंतरे मोजली. एक बोटही इकडेतिकडे नव्हते. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा कामावरच्या माणसाचा दिसत होता.

१ ऑगस्ट

लिहायचे नव्हते, पण नियम आहे.

सकाळी सात वाजता गोल बांधीत यंत्र सोडले. अर्धे गाव जमले होते. केशोराव खुर्ची घेऊन आले होते. चमेलीने वळशाचे तोंड दाखवले, मी यंत्र दोन फेऱ्यांमधल्या गल्लीत ठेवले, तिच्या हातात रिमोट दिला. सुरुवातीला ठीक गेले. मग गल्ली डावीकडे वळली आणि यंत्र उजवीकडे. मिशी ओळीला लागली की ते सरळ होई, पण डावीकडे वळणे त्याला शिकवलेच नव्हते. ते सरळ धानावरून गेले. तीन ओळी, चार, पाच. चमेलीने कळ सोडली तेव्हा ते धुऱ्यावर धडकून कुरकुरत उभे राहिले.

मला कळायला एक मिनिट लागले. सगळी बांधी उलटी लावली होती. मी उजव्या हाताने फिरणारी धरली होती, देवळात प्रदक्षिणा घालतो तशी. चमेलीने डाव्या अंगाने लावून घेतली होती.

केशोराव म्हणाले, "वहिनी, तुमचा रोबोट रुसला वाटते."

आणि मी सगळ्यांदेखत चमेलीवर ओरडले. "उलटं का लावलंस? एवढं साधं कळत नाही? तीस वर्षं काय शिकलीस?" वर्गात ओरडत असे त्या आवाजात.

ती म्हणाली, "उलटं नाई हाय, बाई. आमचं सुलटं असंच हाय. नाच का, देवाचा फेर का, लगीन का, आमी असेच फिरतो."

"मग मला विचारायचं होतं."

"तुमी सांगाचं होतं."

तिने रिमोट धुऱ्यावर ठेवला. फेकला नाही, ठेवला. म्हणाली, "पोळ्यापर्यंत कायले थांबू. हेमराजले फोन करून सांगतो, लवकर ये म्हनून." आणि रेल्वे फाटकाकडे चालू लागली. वाकता येत नसल्यामुळे ती हल्ली फार ताठ चालते. मागून पाहिले तर रागाने चालते आहे की दुखण्याने, ते कळत नाही.

२ ऑगस्ट

चमेली आली नाही. जेवण वेळेवर झाले. घर आवरले. घरात आवरण्यासारखे काही नव्हते.

३ ऑगस्ट

आली नाही.

पहाटे गोल बांधीवर गेले. साडी वर खोचून वळशाच्या तोंडाशी उतरले आणि तिच्या फेऱ्यांतून चालू लागले, बाहेरून आत. किती वर्षांनी चिखलात पाय घातला. मी धुऱ्यावरूनच शेत करते. यंत्राने पाडलेल्या ओळी सोडल्या तर फेऱ्या एकसारख्या, एक रोप चुकलेले नाही. अकरा बायकांना एका रेषेत ठेवणे म्हणजे काय ते मला माहीत आहे. मला चाळीस मुले प्रार्थनेला एका रेषेत ठेवता येत नव्हती.

मध्यावर उभी राहिले आणि विचार केला, कोण उलटे. खळ्यावर मळणीला बैल कोणत्या अंगाने फिरतात? डाव्या. जाते कोणत्या अंगाने फिरते? डाव्या. माझ्याच खळ्यावर, माझ्याच घरात, लग्न होऊन आले तेव्हापासून. मी कधी पाहिलेच नाही. फळ्यावर पृथ्वी काढून ती कोणत्या दिशेने फिरते ते दरवर्षी शिकवले. उत्तर ध्रुवावरून पाहिले तर तीही डाव्या अंगाने.

आकृतीत मी बाण काढला नव्हता. प्रयोगाच्या आकृतीत बाण नसेल तर मी मुलांचे दोन गुण कापत असे.

बांधी उलटी नव्हती. यंत्र उलटे होते.

५ ऑगस्ट

बकारामला बोलावून चाकांची अदलाबदल केली. मिशी डावीकडे घेतली. तो म्हणाला, "चमेलीबाईचं आयकलं म्हना शेवटी." मी म्हटले, पाना दे.

संध्याकाळी फाटकापलीकडे टोल्यावर, चमेलीच्या वस्तीत, गेले. तीस वर्षांत चार वेळा गेले असेन, आणि चारही वेळा निरोप देऊन दारातूनच फिरले. दाराशी एक गाठोडे बांधून ठेवलेले दिसले. चमेली खांबाला टेकून उभी होती. मला बघून तिने डोक्यावर पदर घेतला.

मी म्हटले, "चाकं बदलली. मिशी डावीकडे घेतली. उद्या सात वाजता."

ती बराच वेळ माझ्या पायांकडे बघत होती. चिखल धुऊनही नखांत राहिला होता.

"बाई माफी मांगून राहिल्या काय?"

"मी वेळ सांगते आहे."

"सातची?"

"सातची. आणि आकृतीत बाण नव्हता. ती चूक तुझी नव्हती."

"बान कायचा?"

मी तिच्या अंगणातल्या धुळीत बोटाने वळसा काढला आणि त्याला बाण काढला, डाव्या अंगाचा. तिने वाकता येत नसल्यामुळे पायाच्या अंगठ्याने बाणाचे टोक थोडे दुरुस्त केले.

"साडेसातले येतो," ती म्हणाली. "सातले मले पाठ उठू देत नाई."

मग काळा चहा दिला. आत बसून प्याले. गूळ जास्त होता.

६ ऑगस्ट

चालले.

साडेसात ते अकरा. पहिल्या दोन फेऱ्या मी श्वास घेतल्याचे आठवत नाही. यंत्र डावीकडे झुकत, ओळीला मिशी लावत, सावरत, पुन्हा झुकत गेले. मागे गवत उपटून तरंगत होते. चमेली रिमोट दोन्ही हातांत धरून धुऱ्यावरून त्याच्या बरोबरीने चालत होती आणि त्याच्याशी बोलत होती. "हळू ना व. आता पाय उचल. अशी. शहानी हाय माई बाय." रोवणाऱ्या बायकांनी त्याला नाव ठेवले आहे, मिशीवाली. यंत्र नपुंसकलिंगी आहे, असे मी सांगितले. कोणी ऐकले नाही.

एका गोष्टीचा विचार कोणीच केला नव्हता. वळसा मध्यावर संपतो आणि तिथून बाहेर यायला वाट नाही. मिशीवाली बांधीच्या मधोमध थांबली आणि सगळे तिच्याकडे बघत राहिले. केशोराव म्हणाले, "आता हेलिकॉप्टर बनवा, वहिनी."

मी म्हटले, "तुमचं धोतर खोचून झालं की आत या."

ते आले, हे लिहिले पाहिजे. एक बाजू त्यांनी धरली, एक मी. चमेली धुऱ्यावरून आम्हाला हाकत होती. "बाई, डावा पाय गल्लीत! केशोभाऊ, ते धान हाय, सतरंजी नाई!" अर्ध्या वाटेत मी घसरून बसले. सबंध. कमरेपर्यंत. धुऱ्यावर अर्धे गाव बघत होते. माझे विद्यार्थीही होते त्यात. मग चमेली हसायला लागली, कंबर धरून, आणि मग मीही. का ते सांगता येणार नाही. चिखल थंड होता.

१९ ऑगस्ट

दुसरे निंदण झाले. मिशीवाली आता नीट आहे. एक डबा गळतो, तो बदलला. केशोराव विचारत होते, पुढच्या वर्षी त्यांची एक बांधी गोल करून मिळेल का.

चमेली रोज येते. निंदण नसले तरी यंत्र पुसायला येते. दुपारी जेवायला थांबते. भाजीत तिखट तिच्या मानाने घालावे लागते. मला ते झेपत नाही, पण दोन भाज्या करण्यात अर्थ नाही.

पोळा दहा दिवसांवर आला. तिने गाठोडे सोडले की नाही ते विचारले नाही. विचारण्याचे कारण नाही. यंत्राला माणूस लागतो, हे तिला माहीत आहे, आणि ती जबाबदार बाई आहे.

३० ऑगस्ट

काल पोळा झाला. आज सकाळी हेमराज आला. सोबत त्याची चार वर्षांची मुलगी दिव्या, आजीला न्यायला म्हणून आणलेली. हेमराज माझाच विद्यार्थी, आठवी ते दहावी. पाया पडला. चांगला दणकट झाला आहे.

चमेली त्याला घेऊन शेतावर आली. तिने स्वतः त्याला यंत्र चालवून दाखवले. दिव्या मिशीला हात लावून लावून पळत होती. मग चमेली त्याला म्हणाली, "पाह, मी गेलो तं हे कोन चालवल? मले सुटी भेटत नाई."

हेमराज वाकून यंत्राच्या तारांचा डबा उघडून बघू लागला. मला ते बघायला नको होते. पण बिजलीच्या कारागिराला डबा उघडू नको कसे म्हणायचे. त्याने तारा चाचपल्या, रिमोट उलटापालटा केला आणि मग माझ्याकडे पाहिले. दहावीत असताना माझे गणित चुकले की असाच पाहत असे, सांगू की नको अशा नजरेने.

"मॅडम, तुम्ही कधी खोटं बोलत नाही म्हणून विचारतो. ही कळ दाबून धरायची गरजच नाही ना? या दोन तारा सरळ जोडल्या, तर मशीन आपलं आपण जाईल. माणूस लागत नाही."

चमेली माझ्याकडे बघत होती. दिव्यासुद्धा.

आयुष्यात विद्यार्थ्याने नेमका प्रश्न विचारला तर मी कधी टाळला नाही. मी म्हटले, "नाही लागत."

मी चष्मा पुसला.

हेमराज हळू आवाजात म्हणाला, "मंग चाल ना, माय. काम काम म्हनून किती दिवस."

चमेलीने त्याच्या हातून रिमोट घेतला. धुऱ्यावरचा एक चपटा दगड पायाने सरकवला आणि म्हणाली, "हे मले का शिकवतस? पयल्या हप्त्यातच मालूम पडलं मले. दोन दगडांच्या मंधात कळ दाबून ठेवतो आन तिकडं तंबाखू मळत बसतो. बाई घरी गेल्या का मिशीवाली येकटीच फिरते."

मी म्हटले, "चमेली!"

"मंग?" ती हेमराजकडेच बघून बोलत होती. "तीस वरसांत बाई येकदा खोटं बोलली. तेही धड जमलं नाई तिले. माह्यासाठी बोलली. तुमी पोरं माह्यावर जीव लावता, मले का समजत नाई? पन तुह्या घरी बायको हाय, लेक हाय. इथं बाई येकटी जेवाले बसली का अर्धी पोळी खाऊन उठते. मी मशीनसाठी राहून राहिलो असं कोन सांगलं तुले?"

हे खरे नाही. मी दोन पोळ्या खाते. ते तिथेच सांगणार होते, पण चष्म्यावर पुन्हा वाफ आली होती. सकाळची हवा दमट होती.

हेमराज दिव्याला खांद्यावर घेऊन बोडीपर्यंत गेला आणि परत आला. म्हणाला, "दिवाळीले तरी येशील?"

"दिवाळीले येतो. पंधरा दिवस. कापनीले वापस." मग मागे न बघता, "बाईचंही तिकीट संगं काढ. रेल्वेत मले येकटीले उतरता येत नाई."

मी म्हटले, माझे अजून ठरलेले नाही. कोणी माझ्याकडे लक्ष दिले नाही.

३१ ऑगस्ट

सकाळच्या पॅसेंजरने हेमराज आणि दिव्या गेले. जाण्याआधी त्याने दोन तारा सरळ जोडून दिल्या, नीट टेप लावून. रिमोट आता यंत्राला जोडलेला नाही.

साडेसातला गोल बांधीवर गेले, नुसती पाहणी करायला. चमेली येणार नाही असे धरले होते. आज करण्यासारखे काहीच नव्हते. ती आधीच धुऱ्यावर होती. मी विचारले, काय काम आहे.

"काई नाई," ती म्हणाली. "तुमी उभ्या कायले? या ना इकडं, इथं वाळलं हाय."

मिशीवाली सोडून दिली. ती आपली आपण फेऱ्या घेत राहिली. चमेलीने तंबाखू मळली, मला विचारले, मी नको म्हटले. तिने नातीबद्दल सांगितले, मी बॅटरीबद्दल. दहा वाजेपर्यंत दोघी धुऱ्यावर होतो.